कोडावरचं तेल ‘उंदरांवर सिद्ध’... पण कोणत्या उंदरांवर?

म्हसरूळची_मेघना

गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर लागलेल्या प्रदर्शनातून जाऊबाईंनी एक पत्रक आणलं. कोडावरचं तेल. वर ठळक अक्षरात ‘उंदरांवर शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’ आणि खाली दोन फोटो. डावीकडे पाठ भादरलेला काळा उंदीर, कातडी गुलाबी. उजवीकडे तोच उंदीर, पाठ काळीशार. मध्ये बाण आणि ‘फक्त २१ दिवस’. कंपनीचं नाव टाकत नाही. अशी पत्रकं पैशाला पासरी मिळतात.

मी नाशकातच एका फार्मसी कॉलेजात फार्मॅकॉलॉजी शिकवते, ॲनिमल हाऊसचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात आहे. तो उंदीर मी ओळखते, म्हणजे त्याची जात ओळखते. सी५७ ब्लॅक सिक्स. प्रयोगशाळांतला अगदी नेहमीचा काळा उंदीर. याच्या पाठीच्या कातडीत रंगाच्या पेशी जवळपास नसतातच. त्या असतात केसांच्या मुळांशी. केसांची वाढ थांबलेली असली की मुळाशी रंग तयार होत नाही, अशा वेळी भादरलं तर कातडी गुलाबी दिसते. वाढ पुन्हा सुरू झाली की मुळांत रंग भरतो आणि वरून बघणाऱ्याला कातडी आधी राखाडी, मग काळी दिसते. तोवर एक केसही बाहेर आलेला नसतो. मेण लावून केस उपटले तर ही वाढ हमखास सुरू होते आणि आठवडा-दीड आठवड्यात पाठ काळवंडते. त्या उंदराला गोडेतेल चोळलं असतं तरी उजवीकडचा फोटो असाच आला असता. काहीच चोळलं नसतं तरीही.

बरं, तो उंदीर कोडाचा होता का, हा त्याच्याही आधीचा प्रश्न.

माणसाच्या कोडात काय होतं? त्वचेच्या वरच्या थरात रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या सीडी८ प्रकारच्या टी पेशी त्यांच्यावर उलटतात आणि त्यांना मारतात. पेशी गेली, रंग गेला. संसर्गाचा प्रश्न नाही, कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही. जगात साधारण ०.५ ते २ टक्के लोकांना हे असतं. म्हणजे ज्या लग्नाला चारशे पानं उठतात तिथं कोड असलेली दोन-चार माणसं तरी जेवून जात असणार. मग ती दिसत का नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

हे उंदरात उतरवायचं कसं? येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. या माणसानं १९५८ साली गाईबैलांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथी ढिगानं गोळा करून मेलॅटोनिन वेगळं काढलं. आज लोक झोपेसाठी ज्या गोळ्या घेतात तेच. लर्नरना झोपेशी देणंघेणं नव्हतं. बेडकाची काळी कातडी ज्यानं उजळते तो पदार्थ त्यांना हवा होता, डोक्यात माणसाच्या रंगाचे आजार होते. बेडकाची कातडी उजळली, माणसाच्या कोडाला त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे १९८६ मध्ये त्यांनीच एक उंदीर पुढे आणला, जो काळा जन्मतो आणि दर केसबदलाला पांढरा होत जातो. सगळ्यांना वाटलं, सापडला कोडाचा उंदीर. पण त्याच्यात दोष होता एमआयटीएफ नावाच्या जनुकात. रंगपेशी मुळात अशक्त, आपोआप संपणाऱ्या. टी पेशींचा त्यात हात नाही. दिसायला कोड, आतून वेगळीच भानगड.

दुसरी वाट रसायनाची. १९३९ साली अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले. शोध घेतला तेव्हा कळलं की रबरी हातमोज्यांत मोनोबेंझोन हे रसायन आहे. तेच आता उंदराच्या पाठीला चोळून त्याला पांढरा करतात. कुणी हायड्रोक्विनोन चोळतं. आपल्याकडच्या वनौषधींच्या पेपरांत हाच प्रकार जास्त, कारण स्वस्त पडतो आणि लवकर उरकतो. मोनोबेंझोननं थोडीफार प्रतिकारशक्ती जागी होते, हे खरं. हायड्रोक्विनोनचं तसं नाही. ते लावणं थांबवलं की पुष्कळदा रंग आपला आपण परततो, आणि श्रेय जातं मधल्या काळात चोळलेल्या तेलाला. म्हणून ज्यांना काहीच लावलं नाही ते उंदीर कुठं आहेत, हे विचारायचं.

तिसरी वाट खटपटीची आहे, पण मला विचाराल तर खरं काम तिनं केलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय कॉलेजात जॉन हॅरिस यांच्या गटानं २०१२ मध्ये ती मांडली. त्यांनी असे उंदीर घेतले की ज्यांच्या त्वचेच्या वरच्या थरातच रंगपेशी टिकून राहतात, माणसासारख्या. त्यासाठी उंदराच्या जनुकांत फेरफार करावा लागतो. मग दुसऱ्या उंदरातल्या, रंगपेशीच ओळखून मारणाऱ्या सीडी८ टी पेशी यांच्या रक्तात सोडल्या. पाच ते सात आठवड्यांत कान, शेपूट, पंजे, नाक यांवर डाग. अंगावरची लव मात्र बहुतेक काळीच.

या उंदरात एकेक दुवा तोडून बघता आला. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे निरोप पोचवणारं द्रव्य सोडते. त्यावर त्वचेतल्या साध्या पेशी सीएक्ससीएल१० नावाचं द्रव्य सोडून आणखी टी पेशींना बोलावून घेतात. हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवतात जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइम. ती अडवणारं रुक्सोलिटिनिब नावाचं औषध रक्ताच्या एका आजारासाठी आधीपासून होतंच. त्याचं १.५ टक्क्याचं मलम जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं कोडासाठी मंजूर केलं, वय १२ च्या पुढे. कोडात रंग परत आणण्यासाठी तिथं मंजूर झालेलं हे पहिलं औषध. माणसांवरच्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावर तीन चतुर्थांश सुधारणा दिसली. औषध नसलेलं नुसतं मलम लावलेल्यांत तेवढी सुधारणा दहातल्या एखाद्यालाच. म्हणजे सत्तर टक्क्यांना ती मजल गाठता आली नाही, हेही त्यातच आलं.

एवढं लिहिण्याचं कारण म्हणजे ‘उंदरांवर सिद्ध’ असं कुणी म्हटलं की माझे विद्यार्थीसुद्धा मान डोलावतात. उंदीर पांढरा कशानं केला, ते आधी विचारा. जनुकानं, रसायनानं की टी पेशींनी, त्यावर उत्तराची किंमत ठरते.

सिडको_उत्तमनगर

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. कॉलेजात तर पांढरे उंदीरच पाहिलेत. लाल डोळ्यांचे. मग कोडासाठी तेच वापरायचे ना, आयते पांढरे आहेत की!

म्हसरूळची_मेघना

हा प्रश्न दरवर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो. ते स्विस अल्बिनो किंवा विस्टार. त्यांच्यात रंगपेशी जागेवर असतात, पण रंग बनवणारं टायरोसिनेज हे एन्झाइम काम करत नाही. जन्मजात. त्यांना काहीही चोळा, काळे होणार नाहीत. कोडाचं औषध त्यांच्यावर तपासलं असं कुठं वाचलंत तर पुढचं वाचायची गरज नाही.

पोल्ट्रीवाला_निफाड

ताई, कोंबडीवर पण कोडाचे प्रयोग होतात असं ऐकलं. त्यात मरेक्स या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीचं काहीतरी होतं म्हणे. आमच्याकडं लेअरची पिल्लं येतात ती हॅचरीतूनच पहिल्या दिवशी मरेक्सची लस टोचून येतात. घरामागं थोडे कडकनाथ आणि गावरान पण आहेत. एका गावरान कोंबडीची पिसं यंदा पांढरी पडली, म्हणून विचारतो. लसीनं कोड होतं का?

डॉक्टर_आडगाव

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त. कोंबडीचं मी सांगतो, कारण माझ्या मते कोडाला सगळ्यात जवळ जाणारा प्राणी उंदीर नाही, कोंबडी आहे. मेघनाताईंनी तिला एका ओळीचीही जागा दिली नाही, ही माझी तक्रार नोंदवून ठेवा.

१९७१ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या फार्मवर तपकिरी कोंबड्यांच्या कळपात एक मादी निघाली, जन्मताना रंगीत आणि नंतर पांढरी पडलेली. रॉबर्ट स्मिथ (स्पेलिंग वायवालं) यांनी तिच्यापासून वंश वाढवला. ती ‘स्मिथ लाइन’. या पिल्लांना कुणी काही चोळत नाही, बाहेरून टी पेशी सोडत नाही, जनुकांत फेरफार करत नाही. पिल्लू रंगीत जन्मतं, दीड-दोन महिन्यांचं झालं की नवीन पिसं पांढरी यायला लागतात. वंशातल्या ७० ते ९५ टक्के पक्ष्यांना होतं. काहींच्या डोळ्यांतला रंगही जातो आणि आंधळेपण येतं, काहींचं थायरॉइड बिघडतं, काहींची पिसं गळतात. माणसात कोडासोबत थायरॉइडचं दुखणं किती दिसतं, ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक सोय अशी की वाढणारं कोवळं पीस, ज्याच्या दांड्यात अजून रक्त असतं, ते उपटलं की आत जिवंत रंगपेशी आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या टी पेशी दोन्ही हाताला लागतात. काही दिवसांनी दुसरं पीस उपटायचं. त्याच पक्ष्यात आजार पुढे सरकताना बघता येतो, पक्षी मारावा लागत नाही. अर्कान्सा विद्यापीठात गिझेला अर्फ यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. माणसाच्या कातडीचे असे रोज तुकडे कोण काढू देईल?

आता लस. मरेक्सच्या लसीत टर्कीचा हर्पीस विषाणू असतो. स्मिथ लाइनच्या पिल्लांना तो पहिल्या दिवशी दिला तर बहुतेकांना कोड येतं, दिला नाही तर प्रमाण फारच घटतं. पण त्याच कळपातून आलेल्या जवळच्या जातीला तीच लस दिली तर त्यांना सहसा काही होत नाही, आणि लेगहॉर्नला तर नाहीच. म्हणजे घडण आधीची पाहिजे, विषाणू नुसती काडी लावतो. भाऊ, तुमच्या लेअरच्या लसीला हात लावू नका. मरेक्स आला तर शेड रिकामं होईल. एका गावरान कोंबडीची पिसं पांढरी पडायला वय, खाणं, पिसं झडणं, जुनी जखम अशी दहा कारणं आहेत.

पोल्ट्रीवाला_निफाड

जिवात जीव आला डॉक्टर. आणि कडकनाथचं काय? तो तर आतून पण काळा.

डॉक्टर_आडगाव

त्याचं उलटं आहे. तिथं जनुकाच्या एका भागाची जादा प्रत आहे, त्यामुळं रंगपेशी वाट्टेल तिथं पसरतात. कातडी, हाडांवरचं आवरण, आतडी, सगळीकडं. कोडाच्या प्रयोगात त्याचा उपयोग नाही. आणि कडकनाथची अंडी खाऊन कोड बरं होतं असं सांगणारा भेटला तर त्याला माझ्याकडं पाठवा.

इंदिरानगर_अ

मेघनाताई, माझी मुलगी नववीत आहे. दोन्ही हातांची बोटं आणि ओठांच्या कडेला डाग आहेत. चेहऱ्यावरचा एक डाग उपचारांनी भरून आला, बोटांवर काहीच फरक नाही. डॉक्टर म्हणतात बोटं हट्टी असतात. तुमच्या उंदरात याचं काही उत्तर आहे का? सासूबाई रोज तांब्याच्या भांड्यातलं पाणी देतात, म्हणतात तांब्यानं रंग येतो. दूध-मासे एकत्र खाल्ल्याचं तर आम्ही ऐकून ऐकून थकलो. आम्ही मासेच खात नाही.

म्हसरूळची_मेघना

ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत आणि उंदीरही तेच सांगतो. डाग भरून येताना नवीन रंगपेशी येतात त्या मुख्यतः केसांच्या मुळांतून. तिथं त्यांचा राखीव साठा असतो. म्हणून पांढऱ्या डागात आधी बारीक काळे ठिपके उमटतात आणि ते पसरत एक होतात. चेहऱ्यावर बारीक लव भरपूर, साठाही भरपूर. बोटांची टोकं, ओठ, तळहात इथं केसच नाहीत. डागातला केस पांढरा झाला असेल तर तिथला साठाही संपत आला असं समजतात. हॅरिस यांच्या उंदराच्या शेपटीवरही रंग परतताना केसांभोवतीच आधी दिसतो.

म्हणून वाट खुंटली असं नाही. आजार बराच काळ एका जागी थांबला असेल तर निरोगी जागेतल्या रंगपेशी काढून डागावर रोपण करतात. आपल्या देशात यावर भरपूर काम झालंय. नववीतल्या मुलीसाठी ते आत्ता करायचं का, हे तिचे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. ३११ नॅनोमीटरचा यूव्हीबी (अतिनील) प्रकाश चालू आहे का, तेही विचारून घ्या.

मासे सोडा. तांब्याबद्दल डॉक्टर आडगाव बोलतील, त्यांच्या म्हशी आहेत त्यात.

डॉक्टर_आडगाव

आहेतच. सिन्नरकडं नोकरीला असताना ‘म्हशीला कोड फुटलं’ म्हणून लोक बोलवायला यायचे. काळीभोर म्हैस विटक्या तांबूस रंगाची झालेली, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी पांढरी कडी. शेतकरी घाबरलेला, कारण बाजारात गिऱ्हाईक हात लावत नाही. यातल्या कित्येक म्हशींना कोड नसतं, तांबं कमी पडलेलं असतं. टायरोसिनेजला काम करायला तांबं लागतं. चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त असलं तर पोटात गेलेलं तांबंही अंगी लागत नाही. मिनरल मिक्श्चर नीट सुरू केलं की नवीन केस काळे यायला लागतात आणि शेतकरी आपल्याला देव मानतो. खरं कोडही म्हशीला होतं, तशा नोंदी आहेत, पण ते विरळा.

‘तांब्यानं रंग येतो’ हे म्हशीच्या बाबतीत खरं ठरतं, कारण तिची रंगपेशी जिवंत असते, हत्यार तेवढं बोथट झालेलं. तुमच्या मुलीच्या डागात पेशीच मारली गेलीय, तिथं तांबं काय करणार? सासूबाईंना पाणी पाजू दे, भांडं स्वच्छ घासा, औषध मात्र बंद करू नका.

वैद्य_रविवार_कारंजा

मेघनाताईंचा रोख वनौषधींवर दिसतो. बावची हजारो वर्षं वापरात आहे, उंदरांच्या आधीपासून. आयुर्वेदात श्वित्राचं, म्हणजे कोडाचं, स्वतंत्र वर्णन आहे. उंदराला ना प्रकृती, ना पथ्य. त्याच्यावरून आमची पारख कशी करणार?

म्हसरूळची_मेघना

वैद्यराज, बावचीला मी नावं ठेवत नाही. तिच्या बियांत कातडीला प्रकाशासाठी हळवी करणारं सोरॅलेन असतं, आणि सोरॅलेन देऊन यूव्हीए प्रकाश द्यायची पद्धत आधुनिक वैद्यकानं कित्येक वर्षं वापरली. तिकडं इजिप्तमध्ये अशाच एका वनस्पतीवरून अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात तेच केलं. ते सगळं माणसांवर झालं, उंदीर नंतर आला. माझा राग आहे तो पत्रकातल्या फोटोवर.

वैद्य_रविवार_कारंजा

फोटोबद्दल सहमत. आणि एक भर घालतो, लोकांच्या उपयोगाची. बावचीचं तेल लावून भर दुपारी उन्हात बसू नका. टरारून फोड आलेले पेशंट दर उन्हाळ्यात बघतो. किती लावायचं, किती वेळ कोवळं ऊन घ्यायचं, हे विचारल्याशिवाय बाटली उघडायची नाही. भाजलेल्या जागी नवा डाग उठलेलाही पाहिलाय.

वकील_शालिमार

पत्रकापुरतं बोलतो. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि त्यात ल्युकोडर्मा, म्हणजे कोड, आहे. म्हणजे फोटो खरा का खोटा हा वाद नंतरचा, पत्रक छापलं तिथंच कायदा मोडला. पत्रक आणि बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. पोच घ्या.

सातपूर_एमआयडीसी

हातमोज्यांचं वाचून दचकलो. आमच्या शॉपमध्ये एकाच्या दोन्ही मनगटांवर पांढरे पट्टे आलेत. मोजे तिथपर्यंतच येतात.

म्हसरूळची_मेघना

मोजे बदलायला सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, वापरलेला मोजा सोबत नेऊन. याला केमिकल ल्युकोडर्मा म्हणतात. आपल्या बायकांत हे टिकलीनं होतं. चिकट टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल असलं तर कपाळावर अगदी टिकलीएवढा गोल पांढरा डाग पडतो. रबरी चपलेच्या पट्ट्यांखालीही पाहिलाय. वेळीच कारण बंद केलं तर बऱ्याच जणांचा रंग परत येतो.

जपानमध्ये २०१३ साली ऱ्होडोडेनॉल असलेली त्वचा उजळवणारी क्रीम बाजारातून परत घ्यावी लागली होती. हजारो बायकांना डाग पडले. तोवर सगळ्या चाचण्यांतून पार झालेला पदार्थ होता तो. त्यानं रंगपेशी कशी मरते, हे दाखवणारे उंदीर नंतर तयार झाले. आधी असते तर, असं वाटतंच.

करुणा_के

वाचवत नाही हे. भादरायचं, मेण लावून उपटायचं, किरणं द्यायची, विषाणू टोचायचा, मग मारायचं. आणि कोड हा जिवावर बेतणारा आजारसुद्धा नाही. गोऱ्या-काळ्याच्या वेडापायी उंदरांनी का मरायचं? आता प्रयोगशाळेत कातडी तयार करता येते ना?

म्हसरूळची_मेघना

करुणा, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे एथिक्स कमिटीत प्रत्येक प्रस्तावाला कमीत कमी किती प्राणी पुरतील, वेदना कशी टाळणार, प्राण्याशिवाय भागेल का, हे विचारलं जातं. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. नवीन औषधांच्या नियमांतही २०२३ मध्ये प्राण्यांऐवजी इतर पद्धती मान्य केल्या. बशीत वाढवलेली रंगीत कातडी मिळते, आणि एखादं रसायन रंगपेशीला मारतं का, एवढंच बघायचं असेल तर माझ्या मते उंदीर वापरूच नये. टी पेशी खरंच गुन्हेगार आहेत याचा एक भक्कम पुरावाही प्राण्यांकडून आलेला नाही. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये पेशंटच्या डागाच्या कडेच्या टी पेशी काढून त्याच माणसाच्या निरोगी कातडीच्या तुकड्यात सोडल्या, तर त्यांनी रंगपेशी मारल्या.

पण बशीतल्या कातडीत रक्त वाहत नाही. टी पेशी कुठून निघते, कोण तिला बोलावतं, औषध थांबवल्यावर परत येते का, हे अख्ख्या जिवंत शरीरातच दिसतं. तेवढ्यापुरता उंदीर लागतो. गोडेतेलाच्या फोटोसाठी लागत नाही, यावर आपलं एकमत आहे.

गोदाकाठ

करुणाताई, ‘जिवावर बेतणारा नाही’ हे कोड नसलेल्या माणसानं म्हणणं सोपं आहे. मला विशीपासून आहे. नोकरी लागली, लग्न मात्र बघण्याच्या पाचव्या मिनिटाला मोडायचं. उंदरांवर माझा राग नाही, पण त्यांची बाजू घेताना आमचं दुखणं हलकं करू नका.

करुणा_के

मान्य. ते वाक्य मागे घेते. बाकीच्या म्हणण्यावर ठाम आहे.

तबेला_पंचवटी

आमचे लग्नाच्या वरातीचे घोडे आहेत. एका पांढऱ्या घोडीच्या डोळ्यांभोवती आणि ओठांवर गुलाबी चट्टे आलेत. गिऱ्हाईक विचारतं, ‘हिला कोड आहे का, नवरदेवाला चालेल का?’ काय सांगू? घेतली तेव्हा सारंगखेड्याच्या बाजारात सब्जा म्हणून घेतली होती, अंगावर काळपट छटा होती.

डॉक्टर_आडगाव

सब्जा म्हणजे तेच. नुकरा जन्मापासून गुलाबी कातडीचा, त्याची गोष्ट वेगळी. सब्जा जन्मतो गडद, वयानुसार केस पांढरे होतात आणि खालची कातडी काळीच राहते. २००८ मध्ये सापडलं की एसटीएक्स१७ जनुकात ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा आला की घोडा असा पांढरा होतो. यातल्या काही घोड्यांना डोळे, तोंड, शेपटीखाली असे चट्टे येतात. नवरदेवाला काही होत नाही, बिनधास्त सांगा. तुम्ही मात्र शेपटीखाली दर महिन्याला हात फिरवून बघा. पंधरा वर्षांवरच्या सब्जांपैकी बहुतेकांना तिथं काळ्या गाठी होतात. त्या रंगपेशींच्याच, मेलॅनोमा. हळू वाढतात, पण लहान असतानाच दाखवलेल्या बऱ्या.

याच्याशी जोडून, अमेरिकेत सिंक्लेअर जातीची छोटी डुकरं आहेत. त्यांच्यात मेलॅनोमा होतो, शरीर स्वतःच तो जिरवतं आणि त्या झटापटीत अंगावर कोड उमटतं. डुकराची कातडी माणसाच्या बरीच जवळची. म्हणून उंदरात चाललेले काही उपाय पुढे याच डुकरांवर तपासले.

गोदाकाठ

मेघनाताई, एक खराखुरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी उपचारांनी गालावरचा डाग पूर्ण भरला. औषध थांबवलं आणि काही महिन्यांनी तिथंच, त्याच आकाराचा परत आला. जणू नकाशा काढून ठेवला होता. असं का?

म्हसरूळची_मेघना

तुमच्यासारखाच अनुभव खूप जणांचा आहे. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण ४० टक्के लोकांत डाग परततात. कारण डाग भरला तरी त्या जागच्या कातडीत काही टी पेशी मुक्काम ठोकून राहतात. रेसिडेंट मेमरी टी पेशी. रंगपेशी परत आल्या की त्या पुन्हा कामाला लागतात. जॅक अडवणारं मलम त्यांना गप्प ठेवतं, हाकलत नाही.

या पेशी जगतात इंटरल्यूकिन-१५ या द्रव्याच्या निरोपावर. २०१८ मध्ये हॅरिस यांच्याच गटानं उंदरात तो निरोप घेणारा भाग, सीडी१२२, अँटिबॉडी देऊन अडवला. थोड्या काळच्या उपचारानं रंग परतला आणि उपचार थांबल्यावरही बराच टिकला. हे प्रश्न हायड्रोक्विनोन चोळलेल्या उंदराला विचारताच येत नाहीत, कारण त्याच्या कातडीत या पेशी नसतातच. माणसांसाठी या वाटेवर काम चालू आहे, दुकानात मिळणारं काही नाही. तोवर डॉक्टरांना विचारा की डाग भरल्यानंतर आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवायचं का. टॅक्रोलिमस नावाचं मलम असं दोनदा लावत राहिल्यानं डाग परतण्याचं प्रमाण कमी झाल्याचं माणसांवरच तपासलेलं आहे.

गोदाकाठ

टॅक्रोलिमस घरात पडून आहे, मुदत बघतो. सोमवारी ओपीडी आहे, हेच विचारतो.

इंदिरानगर_अ

आमचीही सोमवारीच आहे. यूव्हीबीचं आणि रोपणाचं लिहून घेतलंय. गोदाकाठ, डॉक्टर काय म्हणतात ते इथं नक्की टाका.